शिवेवरचा गाडा

पटकीत आधी आवाज जातो. उलट्या, जुलाब, पोटऱ्यांना येणारे गोळे, हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आवाजाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी सासूबाईंना हाक मारायला मी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्या चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

आता या दुखण्याला गॅस्ट्रो म्हणतात. नाव सुधारलं, दुखणं तसंच राहिलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या खोपोलीच्या चाळीत शेजारणीच्या सुनेला तसंच झालं, तेव्हा मी तिच्यापाशी दवाखान्यात बसायची. ती सारखी विचारायची, "काकू, तुम्ही घाबरला नव्हता का हो?" तिला काहीबाही सांगून मी गप्प केलं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि उशाशी बसून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते. घाबरले होते, चांगलीच घाबरले होते. पण मरणाला नाही.

*

माझं सासर उंबरटेप, खालापूर तालुक्यात, डोंगराच्या अगदी अंगाला. तिथून एक ओहोळ निघतो. त्याच्या काठाने खाली उतरत गेलं की बोरशेत लागतं, मग कोंडगाव आणि सगळ्यात शेवटी पाथरवाडी. पाथरवाडी माझं माहेर. एका गावातून दुसऱ्यात जाताना हा ओहोळ ओलांडावा लागतो, आणि तीच दोन गावांची शीव. वैशाखात धार तुटली की बायका वाळूत डबरे खणून वाटीवाटीने पाणी भरतात. आमची भांडणं या पाण्यावर आणि सोयरिकीही याच पाण्यावर.

त्या वैशाखात गावात पटकी शिरली. कुणी म्हणालं वऱ्हाडाबरोबर आली, कुणी म्हणालं घाटावरच्या पाहुण्यांबरोबर. खालच्या आळीतली दोन माणसं एकापाठोपाठ गेली, तेव्हा गावाने गाडा काढायचं ठरवलं.

ज्यांनी मरीआईचा गाडा पाहिला नाही त्यांचं नशीब चांगलं. गुडघ्याएवढा लाकडी गाडा असतो. त्यात एक लाकडाची बाहुली बसवतात, तिला हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, पुढ्यात लिंबं आणि नारळ. एक कोंबडीही बरोबर नेऊन सोडतात. गावात मरी आली की हा गाडा वाजतगाजत शिवेवर न्यायचा, त्याचं तोंड पुढच्या गावाकडे करायचं आणि मागे वळून न बघता परत यायचं. पुढच्या गावाला देवीला नाही म्हणता येत नाही. ते तिला आत नेतात, ओटी भरतात आणि आपल्या दुसऱ्या शिवेवर नेऊन सोडतात. आपल्या घरातला केर शेजारणीच्या दारात लोटायचा आणि वर त्याला देवकार्य म्हणायचं, अशातला प्रकार.

हा गाडा ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांच्या गळ्यात होतं. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव पाण्यात सोडले, त्याबरोबर तेही काम सोडलं. त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. पूर्वी आमच्यातला एखादा माणूस मुकाट्याने गाडा ओढून न्यायचा. आता एकट्याने न्यायची कुणाची छाती होईना, म्हणून गावातली सगळी तरणी पोरं मिळून गेली.

सासूबाईंनी देव सोडले होते, पण देवांची भीती काही सोडली नव्हती. गाडा आळीवरून जाताना त्या हळूच बाहेर गेल्या. सुमी, माझी मुलगी, तेव्हा अंगावर पीत होती. तिच्या झबल्याचा एक कोपरा फाडून त्यांनी बाहुलीच्या हाताला बांधला. देवीने कापड घ्यावं आणि पोर सोडावी, एवढंच त्यांचं म्हणणं. लाल झबलं, त्यावर पांढरे ठिपके. मी स्वतः शिवलेलं. मला कळलं तेव्हा मी नको नको ते बोलले त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आवाज गेला.

*

या दुखण्याची सगळ्यात वाईट गोष्ट अशी की डोकं स्वच्छ राहतं. तापात माणूस बरळतो, त्याला काही कळत नाही, ते बरं. पटकीत अंग थंड पडतं, डोळे आत जातात, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतते, आणि आपण आपलं सगळं बघत असतो.

आमचे हे खोपोलीच्या कारखान्यात होते. रात्रपाळी करून आले आणि माझ्याकडे एकदा बघून त्यांनी निर्णय घेऊन टाकला. रस्त्यापर्यंत बैलगाडी, तिथून टेंपोने दवाखाना.

"आन सुमीला?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला पाथरवाडीला नेऊन ठेवतो. हितं नाय ठेवायची. तिथं रोगराई नाय."

मी ओरडले. गाडा त्याच वाटेने खाली गेलाय, पोरीला तिकडे नका नेऊ, असं मी जिवाच्या आकांताने ओरडले. ओठ हलले फक्त. यांना वाटलं मी पाणी मागतेय. त्यांनी माझ्या तोंडात चमच्याने पाणी घातलं, सुमीला सासूबाईंच्या लुगड्यात गुंडाळलं आणि उचललं. तिने माझ्याकडे बघून हात केला. पाणी माझ्या गालावरून खाली ओघळलं.

*

दवाखाना म्हणजे रस्त्याकाठची शाळाच होती. उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून वर्ग रिकामे. बाकं भिंतीला लावून खाटा टाकल्या होत्या. आमच्या खाटांच्या किंतानाला मधोमध भोक पाडलेलं, खाली बादली. लाज वगैरे सगळी पहिल्या तासातच संपते, हे पुढे कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा उतरवून त्याच्या खिळ्याला माझी सलाईनची बाटली टांगली. फळ्यावर कुणीतरी लिहिलेली बाराखडी तशीच होती.

डॉक्टर तरुण होता आणि झोपेला आलेला होता. फिनेलचा वास, बादल्या उचलण्याचा आवाज आणि दर थोड्या वेळाने दाराशी येणारी गाडी, बैलगाडी किंवा टेंपो, एवढंच काय ते जग उरलं होतं. गाडी आली की सगळ्या खाटांवरून एकच प्रश्न यायचा, "कुठलं गाव?"

माझ्या शेजारी बोरशेतची ठकूबाई होती. पोक्त, जाडजूड बाई, पण पटकीने तिला पार पिळून काढली होती. माझा आवाज थोडा फुटायला लागला तशी तिने मान वळवली.

"कुठलं गाव गं तुझं?"

"उंबरटेप."

"मंजे तुमीच धाडलात तिला."

आमच्या घराने गाडा ओढला नाही, पण आमच्या घराचा चिंधीचा तुकडा त्याच्यावर होता. थोड्या वेळाने ती आपणहून बोलू लागली. माणसाला राग धरायलाही अंगात जोर लागतो.

"लई मान केला आमी देवीचा," ती म्हणाली. "तुमची पोरं घेऊन आली, आमची शिवंवर उभी व्हती. एका परातीत खीर खाल्ली सगळ्यांनी. वैर नको राह्याला म्हून एका परातीत खायाची. मग देवीला व्हाळात आंघोळ घातली. त्याच डबऱ्यातलं पानी परसाद म्हून तांब्यात भरून आनलं मी घरी. पोरांना पाजलं." तिने भिंतीकडे बोट केलं. "धाकटा पल्याडच्या वर्गात हाय. बरा हाय म्हनतात."

मी डोळे मिटून घेतले. आमच्या पोरांपैकी काहींना आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. ते लपवून ती गाड्याबरोबर गेली होती, घरात राहिलो तर देवी धरील या भीतीने.

"लाल झबल्याचं कापड बांधलं व्हतं बघ तिच्या हाताला," ठकूबाई म्हणाली. "पांढऱ्या ठिपक्यांचं. कुना लेकराचं व्हतं, काय म्हाईत."

*

हे संध्याकाळी भेटायला आले ते रागाने लाल होऊन. आवाज खाली ठेवायचा त्यांचा बेत होता, पण जमला नाही.

"तुझ्या बापानं मला शिवेवरनं परत धाडलं. मला! जावयाला!"

त्यांना माझ्या वडिलांनी, आबांनी, पलीकडच्या काठावरूनच थांबवलं होतं. पोर त्या दगडावर ठेव आणि मागं हो, म्हणाले. हे मागे सरल्यावर आईने येऊन सुमीला उचललं. उन्हातून चालत आलेल्या जावयाला घोटभर पाणी कुणी विचारलं नाही. उलट आबा म्हणाले, माझ्या घरातलं पाणी तुला नको, आन तुजंबी हिकडं नको.

"मी पुन्ना त्या शिवेवर पाय ठेवनार नाय, सांगून ठेवतो," हे म्हणाले.

मला आबांचा रागही आला आणि सुमी पोचली म्हणून बरंही वाटलं. पोचली, एवढाच त्या वेळी माझ्यापुरता अर्थ होता. ती गाड्याच्या पुढे पोचली होती.

*

बोरशेतची माणसं यायची थांबली आणि कोंडगावची येऊ लागली. आधी एक म्हातारा आला, मग दोघी सासवासुना, मग एक तरणा गडी, तो दारातच गेला. दरवेळी कुठलं गाव म्हणून विचारायचं आणि कोंडगाव ऐकलं की बोरशेतच्या खाटा गप्प व्हायच्या. ठकूबाई भिंतीकडे तोंड करायची. ज्यांना आपण देवी धाडली त्यांच्या शेजारी झोपून सलाईन घ्यायचं, हा प्रकार पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तेव्हा मला ते दिसलं. सगळ्यांनाच दिसत असणार, पण कुणी तोंडाने बोलत नव्हतं. गाडा कुठे आहे ते विचारायला बाहेर कुणाला पाठवायची गरजच नव्हती. दारात येणाऱ्या माणसाचं गाव ऐकलं की कळायचं. तो ओहोळाने खाली उतरत होता, आमच्या आमच्या हातांनी, एकेका गावाच्या मानपानाने. वर लाल झबल्याचा कोपरा होता आणि ते झबलं अंगात घातलेली माझी पोर पुढच्या गावात बसली होती. वासावर जावं तसा गाडा तिच्या मागे चालला होता. मला ठाऊक आहे, लाकडाला वास येत नाही. मी बौद्धाची सून, बौद्धाची लेक. तरीही त्या खाटेवर पडून मला चाकांचा आवाज ऐकू यायचा, भर दुपारी, सगळे जागे असताना.

मी डॉक्टरचा हात धरला. म्हटलं, कुणाला तरी पाठवा, माझी मुलगी पाथरवाडीहून उचलून आणा, कर्जतला माझी मावशी आहे तिथे पोचवा.

तो खाटेच्या कडेला टेकला. "बाई, जो तो पळतोय. पळताना बरोबर घेऊन जातोय. ती बरी असेल तर आहे तिथेच राहू दे."

"आणि तिथेच आलं तर?"

त्याने माझी नाडी बघितली आणि पुढच्या खाटेकडे गेला. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली.

कोंडगाव संपलं. आता पाथरवाडीची पाळी. गाडी वाजली की मी कोपरावर उठून दाराकडे बघायची. पण पाथरवाडीचं कुणी येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. खाटा रिकाम्या होऊ लागल्या. कोपऱ्यातल्या दोघी गप्पा मारू लागल्या, मरी दमली म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं सुटलो. मला वाटलं, पाथरवाडीत दवाखान्यात आणायलाही कुणी उरलेलं नाही.

ठकूबाई माझ्या आधी घरी गेली. जाताना तिने आपल्या भांड्यातलं उरलेलं लिंबाचं सरबत मला दिलं. आधी ती माझ्या तांब्यालाही हात लावायची नाही, आमची आळी कळल्यापासून. "घे गं," म्हणाली. "तुझ्या पोरीला काय व्हनार नाय." तिने ते झबलं कुणाचं हे कधीच ओळखलं होतं.

*

मला सोडताना डॉक्टरने बजावलं. "बरं वाटतंय म्हणजे रोग अंगातून गेला असं नाही. थोडे दिवस मुलीला घेऊ नका. कुणाच्या पाण्याला, भाकरीला हात लावू नका." मी मान डोलावली. हे शहाणपण इतरांसाठी असतं असं प्रत्येक आईला वाटतं.

यांनी मला कोंडगावच्या फाट्यावर टेंपोतून उतरवलं. शिवेपर्यंत यायला ते तयार नव्हते. अपमान अजून ताजा होता. मी एकटीच निघाले. पायांत जोर नव्हता, थांबत बसत गेले. कोंडगावातून जाताना कुणी दाराबाहेर आलं नाही. एका अंगणात धुतलेली गोधडी वाळत होती, बस्स.

ओहोळाच्या अलीकडे गाडा उभा होता.

मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. किती छोटा असतो! हिरवं लुगडं उन्हाने विटलं होतं, लिंबं सुकून काळी पडली होती. देवीला सोडलेली कोंबडी चाकांभोवती टिपत होती, कारण तिला धरायची कुणाची हिंमत नव्हती. बाहुलीच्या हाताला तो तुकडा अजून होता. तोंड पाथरवाडीकडे.

"तिथंच थांब."

पलीकडच्या काठावर आबा उभे होते. मागे त्यांनी पाल्याची खोप घातली होती. दाढी वाढलेली, हातात कोयता. मी त्यांना हाक मारली आणि वाळूत उतरले.

"सुमी कशी हाय, आबा?"

"बरी हाय. म्होरं येऊ नको."

आबांनी तिथूनच सांगितलं, पाथरवाडीच्या पंचांनी त्यांना दोनदा येऊन विनवलं होतं, गाडा आत घ्या, तुमच्याच आळीचं काम आहे. मग धमकी दिली होती, आळीचं पाणी तोडू. आबा शिवेवर येऊन बसले ते उठलेच नाहीत. गाडा घेऊन आलेल्या कोंडगावच्या पोरांना त्यांनी अलीकडेच थोपवलं. परात नाही, खीर नाही, आंघोळ नाही. आळीने हात लावला नाही म्हणून गावानेही लावला नाही. पाथरवाडीत कुणालाच काही झालं नाही, असं मी म्हणणार नाही. एक म्हातारा गेला, पण तो शिमग्यापासूनच अंथरुणावर होता. मला वाटलं, आबा धर्मासाठी अडून बसले. एकदा सोडलेलं काम पुन्हा करायचं नाही, एवढा त्यांचा हट्ट सगळ्यांना माहीत होता.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर आई आली, डोक्यावर आबांची भाकरी, कडेवर सुमी. झबल्याचा एक कोपरा नव्हता.

मग मला डॉक्टर आठवला नाही की काही आठवलं नाही. मी धावले. म्हणजे मला धावल्यासारखं वाटलं. आबांनी वाकून दगड उचलला.

"मारीन," ते म्हणाले. "येक पाऊल टाकलंस तर मारीन."

मी वाळूत मधोमध उभी राहिले. बापाने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता.

"आबा, माझी पोर हाय ती!"

"माझीबी व्हती."

मला कळलं नाही. मी त्यांची थोरली.

"तुझ्या आदी दोन व्हती," ते म्हणाले. दगड हातात तसाच. "गाडा मीच वढायचो. मरी आदी आमच्याकडंच शिरली तवा कोंडगावात नेऊन सोडला, शिवंवर जेवलो, पानी प्यालो, घरी आलो. दोगंबी धावत आली दारात. गळ्यात पडली. मी त्यांना उचललं." त्यांचा आवाज गेला. पटकी न होताच गेला. "तवा मला कुनी थांबवलं नाय गं."

आई बांधावर तशीच उभी होती. ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती.

आबांनी दगड खाली टाकला आणि माझ्या मागे बोट दाखवलं. मी गाड्याकडेच बघत आले होते, म्हणून मला दिसलं नव्हतं. माझ्याच काठावर, करंजाखाली, दुसरी खोप होती. ताज्या पाल्याची. आत चटई, चुलीचे तीन दगड आणि पाण्याने भरलेलं कोरं मडकं.

"तू हितंच येनार, मला ठावं व्हतं," आबा म्हणाले. "डाक्तर सांगंल तंवर तिथं ऱ्हा. मी हाय हितं."

मी मागे फिरले आणि खोपीच्या दारात बसले. आईने सुमीला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. पोरीने मला ओळखलं असावं, कारण ती रडायला लागली. मी हात वर केला आणि बसून राहिले.